माल्टा बेटावरील एकेका दिवसाच्या सहली

माल्टा हा शब्द आपल्याकडे दोन ठिकाणी कानावर पडतो. फळबाजारात माल्टा नावाचे संत्रे मिळते, आणि जुन्या वैद्यकाच्या पुस्तकांत माल्टा-ताप नावाचा एक चिवट ज्वर वर्णिलेला आढळतो. ही दोन्ही नावे ज्या बेटावरून पडली ते बेट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. भूमध्य समुद्राच्या जवळजवळ मध्यावर, सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरांवर ते आहे. माल्टा, गोझो व कोमिनो ही मुख्य बेटे मिळून या राष्ट्राचे क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर भरते. बृहन्मुंबई महानगरपालिकेची हद्दसुद्धा याहून मोठी आहे. मुख्य बेटाची लांबी सुमारे २७ किलोमीटर, रुंदी साडेचौदा.

हे आकडे ऐकले की प्रवाशाच्या मनात पहिला विचार येतो तो असा की, हे तर एका दिवसात आटोपेल! सफरीच्या मोठ्या बोटींचे वेळापत्रकही असेच आखलेले असते. सकाळी जहाज बंदरात शिरते, संध्याकाळी निघते, आणि मधल्या सात-आठ तासांत उतारूंना राजधानी, देवालये, जुने शहर व मासळीचे गाव अशी सारी स्थळे दाखवून परत आणले जाते. आमच्या मते माल्टात होणारी बहुतेक निराशा या हिशेबातून उत्पन्न होते. अंतरे लहान आहेत हे खरे. पण येथे एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी जाताना माणूस आठ किलोमीटर जातो आणि चार हजार वर्षे ओलांडतो. त्या उड्या दिवसात चार वेळा मारल्या म्हणजे संध्याकाळी सारे एकच पिवळसर दगड होऊन बसतात. तेव्हा एका दिवशी एक काळ पाहावा, ही आमची सूचना. आणि तसे केल्यास पाच दिवसांत हे बेट बऱ्यापैकी समजते. ते कसे, हे पुढे सांगत आहोत.

पाहण्यास निघण्यापूर्वी दोन गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या. एक दगड व दुसरे पाणी. माल्टात नदी नाही, अरण्य नाही, धातूची खाण नाही. आहे तो चुनखडीचा दगड. त्यातील ग्लोबिजेरिना नावाचा मधाच्या रंगाचा थर इतका मऊ असतो की तो करवतीने कापता येतो. देवालये, तट, राजवाडे, गरिबाची घरे, सारे याच दगडाचे. मात्र जो दगड सहज कापला जातो तो सहज झिजतोही. खाऱ्या वाऱ्याने त्याचे पापुद्रे सुटतात, पावसाने तो पिठासारखा गळतो. या दगडाच्या वर निळ्या मातीचा थर आहे, आणि पश्चिमेकडील उंचवट्यावर त्या मातीवर पुन्हा एका कठीण चुनखडीची टोपी बसलेली आहे. पावसाचे पाणी टोपीतून झिरपते, मातीपाशी अडते व झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. बेटाची जुनी राजधानी इम्दिना त्याच उंचवट्यावर का वसली, याचे एक उत्तर येथे मिळते. पुढे नवी राजधानी व्हॅलेटा समुद्राकाठी उभी राहिली तेव्हा त्या उंचवट्यावरचे पाणी दगडी पाटाने तेथवर न्यावे लागले. ते काम १६१५ साली पुरे झाले, आणि त्या पाटाच्या कमानी आजही रस्त्याच्या कडेला उभ्या आहेत. आज नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचे पाणी गोडे करून मिळवितात.

बसमध्ये शेजारी बसलेल्या दोन बायकांचे बोलणे ऐकले तर आणखी एक नवल कळते. माल्टी भाषा ही अरबीची लेक. अकराव्या शतकात सिसिलीकडील अरबी बोली येथे रुजली, नंतर तिच्यावर इटालियनचे कलम झाले; लिपी रोमन. लोक निष्ठावंत कॅथलिक, पण देवाला म्हणतात 'अल्ला', आणि ईस्टरच्या पूर्वीच्या उपवासाच्या काळाला 'रंदान', म्हणजे आपल्या ओळखीचा रमजान. जगाला 'दिन्या', पुस्तकाला 'क्तिएब'. आपली दुनिया व किताब फारसीच्या वाटेने मराठीत आली आणि त्यांची सख्खी भावंडे येथे येऊन राहिली.

पहिला दिवस व्हॅलेटाला द्यावा. सेंट जॉनच्या पंथाचे नाइट म्हणजे धर्मव्रत घेतलेले लढवय्ये. ऱ्होड्स बेट तुर्कांनी १५२२ साली जिंकल्यावर ते बेघर झाले, आणि १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा दिले. खंडणी काय, तर दर वर्षाला एक बहिरी ससाणा! १५६५ च्या मे महिन्यात तुर्की आरमार आले व सप्टेंबरपर्यंत वेढा चालला. बंदराच्या तोंडाशी असलेला सेंट एल्मोचा किल्ला महिनाभर झुंजून २३ जूनला पडला. पण त्या महिन्यानेच बाकीचे बेट वाचले असे मानतात. वेढा उठल्यावर पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ रोजी, पंथाचा प्रमुख झाँ द ला व्हॅलेत याने नव्या तटबंद शहराची कोनशिला बसविली. म्हणून शहराचे नाव व्हॅलेटा. सरळ रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, आणि प्रत्येकाच्या टोकाला पाण्याचा निळा तुकडा दिसतो.

शहरातील सेंट जॉनचे देऊळ बाहेरून किल्ल्याच्या कोठारासारखे रुक्ष आहे. आत पाऊल टाकले की डोळे दिपतात. खालची फरसबंदी म्हणजे जवळजवळ चारशे नाइटांची रंगीत संगमरवरी थडगी होत. टोकदार टाचांच्या जोड्यांना येथे मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. बाजूच्या दालनात कारावाज्जोचे योहानाच्या शिरच्छेदाचे प्रचंड चित्र आहे, १६०८ सालचे. त्याने सही केलेले हे एकच चित्र. सही कोठे, तर जमिनीवर सांडलेल्या रक्तात. त्याच वर्षी त्याला नाइट करण्यात आले, त्याच वर्षी मारामारीपायी तो तुरुंगात पडला व तेथून पळाला, आणि वर्ष संपण्याच्या आत ज्या दालनात चित्र होते त्याच दालनात सभा भरवून त्याला पंथातून काढण्यात आले. येथे अर्धा तास नुसते बसावे. या चित्रासाठी सारे व्हॅलेटा घाईने पाहिले तरी चालेल, पण सारे व्हॅलेटा पाहण्यासाठी हे चित्र घाईने पाहू नये.

दुपारी बाराच्या सुमारास वरच्या बराक्का बागेत जावे. खालच्या तोफखान्यातून ठोक्याला तोफ सुटते. समोर सारे बंदर पसरलेले. मग उद्वाहकाने खाली उतरून फेरीबोटीने पलीकडच्या बिर्गू, सेंगलेआ व कॉस्पिकुआ या तीन गावांकडे जावे. वेढ्याची खरी लढाई तेथे झाली. 'दायसा' नावाची टोकदार नाव मिळाली तर तीत बसावे. किनाऱ्यावर खाण्यासाठी 'पास्तित्सी' घ्यावी. हा पापुद्र्याचा गरम पुडा. आत ताजे, पनीरसारखे रिकोटा किंवा वाटलेला वाटाणा. सामिष न खाणाऱ्यांची या बेटावर पास्तित्सीवर पुष्कळ निभावणी होते. या देशाची आवड खरी सशाच्या रश्श्याची आहे.

या बंदराशी आपलाही थोडा संबंध आहे. १८७८ साली रशिया व तुर्कस्तान यांच्या तंट्यात ब्रिटनचा वचक बसावा म्हणून डिझरायलीने हिंदुस्थानातून सुमारे सात हजार सैन्य माल्टास आणविले. हिंदी सैन्य युरोपात उतरविण्याचा तो पहिलाच प्रसंग. ते मुंबईहून निघाले व त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. युद्ध पेटले नाही. पण माल्टी लोकांनी हे पागोटेवाले शिपाई कुतूहलाने पाहिले. पहिल्या महायुद्धात गॅलिपोली व सलोनिकाचे जखमी येथील इस्पितळांत आणले गेले तेव्हा बेटाला भूमध्याची परिचारिका असे नाव पडले. त्या दिवसांत जे हिंदी शिपाई येथे मरण पावले व दहन केले गेले त्यांची नावे व्हॅलेटालगतच्या पिएता येथील लष्करी स्मशानभूमीत कोरलेली आहेत. सहलीच्या छापील पत्रकांत ही जागा नसते. बसने दहा-पंधरा मिनिटांची वाट आहे. वेळ काढून जावे. याच युद्धात देवबंदचे मौलाना महमूद हसन व त्यांचे सहकारी इंग्रजांचे राजबंदी म्हणून माल्टात होते. १९२० साली ते सुटले.

दुसरा दिवस अश्मयुगाचा, आणि खरे सांगायचे तर माल्टास जाण्याचे मुख्य कारण हेच. बेटाच्या दक्षिण कड्यावर 'हजर ईम' व 'मनायद्रा' ही दोन देवालये जवळजवळ आहेत. हजर म्हणजे दगड; हजर ईम म्हणजे उभे दगड. इसवी सनापूर्वी सुमारे ३६०० पासून २५०० पर्यंत या बेटांवर अशी अनेक देवालये उभारली गेली. बांधणाऱ्यांजवळ धातूची हत्यारे नव्हती. तरी वीस टनांहून जड शिळा त्यांनी उभ्या केल्या. इजिप्तच्या पिरॅमिडांना तेव्हा अवकाश होता. मनायद्राच्या एका देवालयाचे दार असे साधले आहे की वसंत व शरद संपाताच्या दिवशी उगवत्या सूर्याचा किरण सरळ मधोमध आत शिरतो, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवशी तो दाराच्या कडेच्या दगडांवर पडतो. पंचांगाची आवड असणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. बांधणारे कोण, त्यांची भाषा कोणती, आणि ते इ. स. पू. २५०० च्या सुमारास कोठे गेले, याविषयी तर्क पुष्कळ आहेत.

दोन्ही देवालयांवर २००९ पासून मोठी पांढरी छत्रे तंबूसारखी ताणलेली आहेत. छायाचित्र घेणाऱ्यांना ती आवडत नाहीत. आम्हांलाही प्रथमदर्शनी आवडली नाहीत. पण हजर ईमच्या शिळा त्याच मऊ दगडाच्या आहेत. ऊन व पाऊस पाच हजार वर्षे सोसून त्यांची भोके मधमाशीच्या पोळ्यासारखी झाली आहेत. छत्र्याखाली उभे राहून ती भोके जवळून पाहिली म्हणजे तक्रार करावीशी वाटत नाही.

याहून कठोर बंधन पाओला गावातील हाल सफ्लिएनीच्या हायपोजियमला आहे. हे भूमिगत दफनस्थान. १९०२ साली घरे बांधताना गवंड्यांच्या हाती लागले. तीन मजले खाली खडकात कोरलेली दालने. जमिनीवरच्या देवालयांचे खांब व छते येथे खडकातच घडविली आहेत, आणि काही छतांवर गेरूच्या तांबड्या वेलबुट्ट्या आहेत. सुमारे सात हजार माणसांच्या अस्थी येथे असाव्यात असा अंदाज करण्यात आला. पाहुण्यांच्या उच्छ्वासाने व अंगच्या उष्णतेने त्या वेलबुट्ट्या जाऊ लागल्या. म्हणून हे स्थान काही वर्षे बंद ठेवून २००० साली पुन्हा उघडले, आणि तासाला केवळ दहा माणसे, दिवसाला सुमारे ऐंशी, असा नियम झाला. तेव्हा विमानाचे तिकीट काढण्याच्या आधी याचे तिकीट काढावे. कित्येक आठवडे अगोदर ती संपतात. आपल्याकडे अजिंठ्याच्या भिंतीवरील चित्रांची काळजी ज्यांनी ऐकली आहे त्यांना या नियमाचे मर्म लगेच कळेल.

या साऱ्या उत्खननाशी ज्यांचे नाव जडले आहे ते थेमिस्टोक्लीस झामित हे मूळचे डॉक्टर. माल्टा-तापाने ब्रिटिश सैन्याला जेरीस आणले होते. त्याचे जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली ओळखले होते, पण ते माणसात येतात कोठून हे कळेना. १९०५ साली झामित यांनी दाखविले की ते बकरीत असतात आणि दुधातून येतात. बकरी मात्र धडधाकट दिसते. त्या काळी माल्टात गवळी बकऱ्या दारोदार हिंडवीत व दारातच धार काढीत. नंतर झामित यांनी हायपोजियमचे काम हाती घेतले, आणि १९१५ पासून तारशीन येथील देवालये उकरून काढली. व्हॅलेटाच्या पुराणवस्तुसंग्रहालयात हायपोजियममध्ये सापडलेली निजलेल्या स्त्रीची मूर्ती आहे. तळहातावर मावेल एवढी, कुशीवर वळून स्वस्थ झोपलेली. देवालये पाहून झाल्यावर हिला पाहावे, अगोदर नव्हे.

इम्दिनासाठी अर्धा दिवस पुरतो, पण तो उत्तरार्ध हवा. दुपारी अरुंद गल्ल्यांतून झुंडी चालतात. सहलीच्या मोटारी गेल्या की शहर आपल्या नावाला जागते. त्याला निःशब्द नगर म्हणतात. तटाच्या आत आज तीनशे माणसेही राहत नाहीत. येथील प्रधान देऊळ १६९३ च्या भूकंपानंतर लॉरेंत्सो गाफा याने नव्याने बांधले. तटाबाहेरच्या रबात गावात ख्रिस्ती व ज्यू यांची जुनी भुयारी थडगी आहेत. येता-जाता मोस्ता येथील गोल घुमटाचे देऊळ लागते. ९ एप्रिल १९४२ रोजी देवळात अडीचशेंहून अधिक माणसे जमली असता घुमट फोडून एक जर्मन बाँब आत पडला, आणि फुटला नाही. त्याच महिन्यात इंग्लंडच्या राजाने साऱ्या बेटाला जॉर्ज क्रॉस दिला. माल्टाच्या ध्वजावर तो आजही आहे.

कोमिनोबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. निळ्या खाडीचे पाणी खरोखर काचेसारखे आहे, आणि उन्हाळ्यात ते माणसांनी भरून जाते. २०२५ पासून तेथे उतरण्यास आधी नोंदणी करावी लागते. ज्यांना पोहावयाचे नाही त्यांनी हा दिवस मार्साश्लोक गावात घालवावा. तेथील होड्यांना 'लुत्सू' म्हणतात. त्या निळ्या-पिवळ्या-तांबड्या रंगांच्या असतात आणि नाळेवर दोन्ही बाजूंस डोळे काढलेले असतात. रविवारी मासळीचा बाजार भरतो. कोकणातून गेलेल्या माणसाला तेथे परकेपणा वाटणार नाही.

फिरण्याचे साधन बस. पिवळ्या जुन्या बशी २०११ साली बंद झाल्या. आताच्या गाड्या व्हॅलेटाच्या वेशीबाहेरच्या तळावरून साऱ्या बेटावर जातात, आणि त्या चालविणाऱ्यांत हिंदुस्थानातून गेलेली मंडळी पुष्कळ आहेत. जुलै-ऑगस्टचे ऊन आणि गर्दी दोन्ही टाळावी. २०२४ साली पस्तीस लाखांहून अधिक पाहुणे या बेटांवर आले. वस्ती साडेपाच लाखांहून थोडी अधिक. एप्रिल-मे उत्तम. तेव्हा रान हिरवे व फुललेले असते. जूननंतर सारे वाळून दगडाच्या रंगाचे होते.

राहिला गोझो. चिर्केव्वाहून इम्जारला फेरीबोट पंचवीस मिनिटांत नेते. गंमत अशी की जाताना भाडे कोणी मागत नाही, ते परतताना द्यावयाचे. येथे मध्यभागी टेकडीवर किल्ला आहे. १५५१ साली तुर्कांनी तो घेऊन सुमारे पाच हजार माणसे गुलाम म्हणून नेली, म्हणजे जवळजवळ सारे बेट. त्यानंतर कित्येक वर्षे असा नियम होता की रात्री प्रत्येकाने किल्ल्यात येऊन निजावे. पूर्वेस जगन्तियाची देवालये आहेत. नावाचा अर्थ राक्षसिणीचे. एका राक्षसिणीने कडेवर मूल घेऊन या शिळा वाहिल्या, असे गोझोचे लोक सांगत आले. लेणी पाहिली की आपण पांडवांचे नाव घेतो, तसेच हे. उत्तर किनाऱ्यावर श्वेनीला खडकात कोरलेली मिठागरे आहेत आणि उन्हाळ्यात तेथे अजूनही मीठ काढतात.

पश्चिम टोकाला द्वेयरा. येथे समुद्रात उभी असलेली दगडी कमान, निळी खिडकी, जगभरच्या चित्रपत्रांवर छापली जात असे. पायथा लाटांनी पोखरत होता. वरून चालत जाणारांना बंदी होती व ती पुष्कळजण मोडीत. ८ मार्च २०१७ रोजी सकाळी वादळात ती सारीच्या सारी कोसळली. खांबही राहिला नाही. जुनी चित्रपत्रे अद्याप विकली जातात, आणि ती पाहून आलेले लोक कड्यावर उभे राहून खिडकी कोठे होती ते विचारतात. तरीही द्वेयरास जावे. कड्यातल्या भुयारातून लहान होडी आतल्या डबक्याएवढ्या समुद्रातून बाहेरच्या समुद्रात नेते, पायाखालच्या खडकात शिंपल्यांचे व समुद्री जीवांचे ठसे दिसतात, आणि पाणबुडे खाली जाऊन पडलेल्या कमानीचे खडक पाहून येतात. त्यांवर आता शेवाळ धरले आहे व मासे वावरतात.